संशोधक-गटातील श्रमविभाग

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या गटात प्रत्येकाचे क्षेत्र किती अरुंद असावे, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटतो. वस्तुतः तो ज्ञानाच्या स्वरूपाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी असू शकतात. तेव्हा गट सहजच जमतो. विचार करावयाचा तो त्याच्या रचनेचा.

श्रमविभागाने उत्पादन वाढते, हे ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याच्या उदाहरणाने दाखविले. कामाचे टप्पे वाटून घेतल्यास दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. परंतु टाचणीचा आकार आधीच ठरलेला असतो. संशोधनाचे फलित तसे ठरलेले नसते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे कार्य आरंभिले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. वार्षिक प्रकाशनांच्या मापाने मधली अठ्ठावीस वर्षे निष्फळ ठरली असती. तथापि त्या चिठ्ठ्या समाईक व एकाच पद्धतीने लिहिलेल्या असल्यामुळे एकाचे श्रम दुसऱ्याला उपयोगी पडले.

आता मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावरील पाली या गावाच्या बोलीचा अभ्यास चार विद्यार्थ्यांनी हाती घेतला, अशी कल्पना करू. एकाकडे ध्वनिविचार, दुसऱ्याकडे मासेमारीची शब्दसंपत्ती, तिसऱ्याकडे पोर्तुगीज शब्द, चौथ्याकडे नातेवाचक शब्द. चौघे स्वतंत्रपणे गावात गेले, तर डोल जाळे ओढून दमलेल्या त्याच माणसाला तेच प्रश्न चार वेळा विचारले जातील. याहून मोठी हानी निराळीच आहे. मराठीतील ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला, एवढे सांगून तिसरा विद्यार्थी थांबेल. परका शब्द म्हणून पहिला तो सोडून देईल. लिस्बनमध्ये आज या शब्दाचा आरंभ ‘श’ने होतो, सोळाव्या शतकात तो ‘च’ने होत असे. म्हणजे आपल्या उच्चारात पोर्तुगीजचे एक जुने रूप टिकून आहे. हा निष्कर्ष दोन क्षेत्रांच्या सीमेवर उभा आहे. तेथे कोणीच न गेल्यास तो हातचा जातो.

यावरून असे दिसते की, विशेषीकरण विश्लेषणात असावे, सामग्रीत नसावे. ध्वनिमुद्रणे व चिठ्ठ्या सर्वांच्या असाव्यात. प्रत्येकाने सहाध्यायाच्या प्रबंधाचे एखादे प्रकरण कसून तपासावे. आणि कोणाचे श्रेय कोणते, हे आरंभीच लिहून ठेवावे. यात वेळ जातो, हे खरे. परंतु हा वेळ वाचविणाऱ्या गटाच्या हाती अखेरीस चार प्रबंध येतात. पालीच्या बोलीचे ज्ञान मात्र येत नाही.