तण कोठे, उपाय तेथे

मृगाच्या सरी पडल्या, की बालाघाटच्या रांगेतील भूम तालुक्यात सोयाबीन, उडीद व तूर यांची पेरणी सुरू होते. त्याच ओलीवर जमिनीतून आणखी एक पीक वर येते. ते कोणी पेरलेले नसते. तेच तण होय. सोयाबीनच्या पहिल्या 30 ते 45 दिवसांत ते पिकाचे पाणी, अन्न व प्रकाश हिरावून घेते. पुढे पिकाची पाने ओळींमधील जागा झाकतात आणि त्या सावलीत नव्या तणाचा जोर उरत नाही.

ओळींमधील तण कोळप्याची पास कापते; रोपाला बिलगून उगवलेले तण मात्र खुरप्यानेच काढावे लागते. परंतु कोळप्याला वापसा हवा. आषाढात झड लागली, की बैलांचे पाय चिखलात रुततात, खुरपणीला मजूर मिळत नाहीत आणि शेतकरी पाठीवर पंप घेऊन साऱ्या रानावर तणनाशक फवारतो. त्याला दोष कसा द्यावा? पीक डोळ्यांदेखत दबत असते.

तरी थोडा हिशेब करून पाहा. सोयाबीनच्या दोन ओळींत साधारणतः 45 सेंटिमीटर अंतर असते. मधली जागा कोळप्याकडे सोपवली, तर औषध ओळीवरच्या 15 सेंटिमीटरच्या पट्ट्यालाच पुरे. पेरणीनंतर, पीक उगवण्यापूर्वी, ओल्या जमिनीवर तेवढाच पट्टा फवारावा. शेताला एक तृतीयांश औषध लागते. पट्ट्यावरील मात्रा मात्र शिफारशीइतकीच असावी. नोझल एकाच उंचीवर धरून पावले सारखी टाकावी लागतात. हात वर गेला, की पट्टा रुंदावतो.

लव्हाळ्याचा स्वभाव निराळा. तो कापला, तरी जमिनीतील गाठींतून पुन्हा फुटतो. पण तो बहुधा पुंजक्यांनी वाढतो, म्हणून पुंजका हेरून तेवढ्याच जागी उपाय करता येतो. परदेशांतील काही मोठ्या शेतांवर हे हेरण्याचे काम फवारणी यंत्रावरील कॅमेरे करतात. तण दिसेल तेथेच नोझल उघडते. भूमच्या रानात ते काम खुरपणाऱ्या बायांची नजर पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे.

हा तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. शेतात खुरपलेल्या चाऱ्याच्या गवताचा भारा संध्याकाळी म्हशींपुढे पडतो. औषध फवारलेले गवत मात्र त्यांना घालता येत नाही. बांधासकट सारे रान फवारले, तर ऐन श्रावणात वैरण विकत आणावी लागते.