प्रोसेसर बदला, पण वेगासाठी नव्हे
लेखमाला : घरातला जुना संगणक – भाग ५

मागच्या आठवड्यात आपण डीबी स्पेक्ट्रम उघडून बोर्डावरचे मोठे आयसी ओळखले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने बनवलेली ही ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती. पडदा म्हणून घरचा टीव्ही, प्रोग्राम साठवायला कॅसेट. शिरूर-दौंडकडच्या कुणाच्या माळ्यावर ती अजून असेल, तर दुरुस्तीला बसताना एक प्रश्न हमखास पडतो : जास्त वेगाचा प्रोसेसर बसवला तर यंत्र वेगाने चालेल का?

नाही. तरीही प्रोसेसर बदलण्याला एक चांगलं कारण आहे. आधी वेगाचं पाहू.

या संगणकाचा प्रोसेसर झेड-८०ए. फेडेरिको फॅजिन यांच्या झायलॉग कंपनीने मूळ झेड-८० बाजारात आणला १९७६ साली. बाजारात याच ४० पिनांचे ८, १० आणि २० मेगाहर्ट्झचे प्रकारही आहेत आणि ते त्याच जागी बसतात. पण हा आकडा कमाल मर्यादेचा. प्रत्यक्ष ठेका देतो तो शेजारचा यूएलए नावाचा आयसी. १४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला चाराने भागून तो प्रोसेसरला ३.५ मेगाहर्ट्झ पुरवतो. यवत-वरवंडवरून जाणाऱ्या पालखीच्या दिंडीत एखादा तरणा गडी धावण्यात कितीही पटाईत असला, तरी पावलं टाळाच्या ठेक्यावरच पडतात. तसंच हे.

मग ठेकाच दुप्पट केला तर? इथे खरी गंमत कळते. कॅसेटवर प्रत्येक ‘शून्य’ म्हणजे प्रोसेसरच्या ८५५ ठोक्यांएवढ्या लांबीचे दोन स्पंद आणि प्रत्येक ‘एक’ म्हणजे १७१० ठोक्यांचे दोन स्पंद. वाचताना वेगळं घड्याळ नसतं. प्रोसेसर एक छोटा लूप फिरवत मोजतो आणि मोजणीवरून शून्य की एक ते ठरवतो. ७ मेगाहर्ट्झवर त्याच स्पंदात मोजणी दुप्पट होईल. ८५५ चे १७१० होतील, म्हणजे जुन्या कॅसेटवरचा प्रत्येक शून्य त्याला ‘एक’ वाटेल. एकही जुना प्रोग्राम चढणार नाही. बीप आदेशाचे सूरही असेच मोजून निघतात, म्हणून ते थेट वरच्या सप्तकात जातील. शिवाय टीव्हीवर चित्र काढायला यूएलएला खालच्या १६ केबी मेमरीतलं वाचावं लागतं. प्रोसेसरही त्याच वेळी तिथे आला, तर यूएलए त्याचा ठेका क्षणभर रोखून धरतो. या यंत्रात वेग हा एकट्या प्रोसेसरचा गुण नाही. मेमरी, पडदा, कॅसेट सगळे एकाच मापाला बांधलेले आहेत.

मग बदलायचा कशासाठी? उष्णता कमी करण्यासाठी. जुना झेड-८०ए एनमॉस जातीचा. कंपनीच्या माहितीपत्रकानुसार तो कमाल २०० मिलिअँपिअर घेतो. झेड-८४सी०० या क्रमांकमालिकेतला सीमॉस प्रकार याच ठेक्यावर त्याच्या लहानशा अंशावर चालतो. अडॅप्टरचे ९ व्होल्ट ५ वर आणताना बोर्डावरचा ७८०५ रेग्युलेटर उरलेला दाब उष्णतेच्या रूपात टाकतो. प्रवाह कमी, तितका तो थंड. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा पाहता, बंद प्लास्टिकच्या पेटीतली ही बचत आजूबाजूच्या आयसींनाही उपयोगी पडते.

मात्र मूळ प्रोसेसर चालत असेल, तर त्याला हात लावू नका. स्पेक्ट्रम बंद पडला की संशय आधी मेमरीवर घ्यावा. खरोखर बदलायचाच असेल तर आयसी वाचवण्यापेक्षा बोर्ड वाचवा. बारीक कटरने चाळीसही पिना कापा, एकेक पिन गरम करून काढा, तांब्याच्या विकने भोकं साफ करा आणि सॉकेट बसवा. ओढाताण केली तर बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक उखडतात. नवा आयसी घालण्याआधी यंत्र चालू करून सॉकेटच्या ११ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट आणि २९ वर ग्राउंड मिळतं का, ते मीटरने पाहा. मग यंत्र बंद करून, खाच योग्य दिशेला ठेवून आयसी बसवा. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणारे कुणी ओळखीचे असतील, तर पहिल्या वेळी त्यांना सोबत घ्या.

खरेदीतही सावध राहा. झायलॉगने या आयसीचं उत्पादन थांबवत असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं आणि शेवटच्या मागण्या त्याच जूनपर्यंत घेतल्या. त्यामुळे घासून, नवा क्रमांक छापून विकलेले आयसीही हाती पडू शकतात. म्हणूनच बंद पडलेला डीबी स्पेक्ट्रम भंगारात देऊ नका. त्यातला चालू झेड-८० दुसऱ्या कुणाचं यंत्र जिवंत करू शकतो.

पुढील भागात : खालच्या १६ केबीचे मेमरी आयसी आणि त्यांना लागणारे तीन वेगवेगळे व्होल्टेज.