डाउनलोड केलेलं गाणं नेमकं कुठे असतं?

गाण्यांच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये खाली रोखलेल्या बाणाचं एक बटण असतं. ते दाबलं की गाणं फोनमध्ये उतरतं आणि मग एसटी घाटात शिरली, रेंज गेली तरी ते वाजत राहतं. फोनची मेमरीही तेवढी भरते. त्यामुळे गाणं आपल्या हातात आलं असं वाटणं साहजिक आहे. पण हाच फोन संगणकाला जोडा आणि ते गाणं शोधा. गाण्याच्या नावाची फाइल मिळणार नाही. अ‍ॅपच्या पोटात कुठेतरी अगम्य नावांचे तुकडे असतात आणि ते दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर वाजत नाहीत.

होतं असं, की सर्व्हर गाणं पाठवतो तेच कुलूप लावून, म्हणजे एन्क्रिप्ट करून. ते उघडायची किल्ली अ‍ॅपकडे वेगळी येते आणि तिला मुदत असते. स्पॉटिफायवर ऑफलाइन गाणी टिकवायची तर ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडून घ्यावं लागतं. त्या वेळी अ‍ॅप चौकशी करतं: वर्गणी चालू आहे का? हे गाणं या देशात ऐकवायची परवानगी अजून आहे का? एकाचंही उत्तर नकारार्थी आलं की गाणं बंद. कपाट तुमच्या घरात, जागा तुमची अडलेली, किल्ली मात्र दुकानदाराच्या खिशात.

वर्गणीचं समजू शकतं, पण परवानगी का जाते? कारण गाणी प्लॅटफॉर्मच्याही मालकीची नसतात. ध्वनिमुद्रणाचे हक्क साधारणपणे कंपनीकडे आणि शब्द-चालीचे हक्क गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांनी ते ज्यांना दिले त्यांच्याकडे असतात. प्लॅटफॉर्म ते ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक देशांपुरते घेतो. म्हणून पुण्यात वाजणारं गाणं न्यू जर्सीतल्या भाचीच्या फोनवर करड्या अक्षरांत दिसू शकतं. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. सारेगामाशी करार नव्हता, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिलमध्ये सारेगामाची गाणी स्पॉटिफायवरून काढून टाकायचं ठरलं. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. मराठी भावगीतं आणि नाट्यपदांचा केवढा साठा तिच्याकडे आहे हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी करार झाला आणि गाणी परत आली. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी अशीच दिसेनाशी झाली होती.

मग भाड्याने ऐकण्यापेक्षा विकत घेतलं तर? तेही पुरेसं नाही. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिकवर लोकांनी पैसे मोजून कुलूपबंद गाणी घेतली होती. २००८ मध्ये कंपनीने किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे संगणक बदलला की गाणी मुकी. ओरड झाली तेव्हा मुदत वाढवून मिळाली, इतकंच. याउलट फ्लिपकार्टचं फ्लाइट हे दुकान २०१२ मध्ये उघडलं आणि २०१३ मध्येच बंद पडलं. पण तिथे साध्या, बिनकुलुपी एमपी३ फाइली मिळत. ज्यांनी त्या उतरवून ठेवल्या, त्यांचं गाणं दुकानाबरोबर गेलं नाही. म्हणजे पैसे दिले की नाही यापेक्षा फाइल कुणाला न विचारता वाजते का, हे पाहायचं.

सारेगामाचा २०१७ मधला कारवां हा गाणी वाजवणारा डबा ही यातली मधली, आणि मला तरी मजेशीर वाटणारी वाट. हजारो गाणी डब्यातच भरलेली, इंटरनेट नको, वर्गणी नको. मात्र डबा बिघडला की त्यातली गाणी बाहेर काढायची सोय नाही.

जुन्या कॅसेट-सीडीवाल्यांनाही गाण्याची मालकी कधी मिळाली नव्हती. मिळाली ती त्या एका प्रतीची. पण ती प्रत उसनी देता येत होती, विकता येत होती, पुढच्या पिढीकडे जात होती. घरात अशा प्रती असतील तर बिनकुलुपी फाइली जमवायची सुरुवात तिथूनच करावी, कारण छोट्या कंपन्यांनी काढलेल्या कित्येक मैफली कुठल्याच प्लॅटफॉर्मवर नाहीत.

सीडीचं काम सोपं आहे. तिच्यावरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असा आकड्यांतच लिहिलेला असतो. तासाभराच्या संगीताला सुमारे ६३५ एमबी लागतात. फ्लॅक या प्रकारात तेच साधारण निम्म्या जागेत मावतं आणि काहीही गळत नाही. एमपी३ अजून आटोपशीर, पण कानाला कळणार नाही असा अंदाज बांधून तो आवाजातला बराच तपशील टाकून देतो. एमपी३वरून मूळ आवाज परत मिळवता येत नाही, फ्लॅकवरून एमपी३ केव्हाही करता येतो. म्हणून साठवणीला फ्लॅक.

कॅसेट मात्र वेळ खाते. तासाची कॅसेट उतरवायला तास लागणारच. आधी ती एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप मोकळी होते. कोकणात, मुंबईत टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नये. डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. मग त्याचा कोन पाहायचा. हेड टेपशी काटकोनात नसेल तर वरच्या पट्टीतले सूर दबतात. हेडशेजारच्या बारीक स्क्रूने तो कोन जुळवता येतो. तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याची चाट स्वच्छ ऐकू आली की थांबायचं.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये द्यावी, माइकच्या भोकात नव्हे. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी, कारण शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि पुन्हा जोडता येत नाही. टेपची सूऽऽ घालवायचा मोह आवरावा. ती घालवणाऱ्या सॉफ्टवेअरला जवारी आणि खरखर यांतला फरक कळत नाही. सफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर.

यानंतरचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि तेच लोक टाळतात: फाइलीत माहिती भरणं. प्लॅटफॉर्मवर बऱ्याचदा गायकाचं नाव ठळक दिसतं. नाटक, राग, गीतकार, साथीला कोण, हे शोधावं लागतं किंवा नसतंच. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर झालं तेव्हा वेगवेगळे गायक गायले होते; पुढे घरोघरी पोचलं ते सुधीर फडक्यांच्या आवाजात. यांतलं तुमच्याकडे कोणतं, हे फाइलीला आपोआप कळणार नाही. फ्लॅकमध्ये हवे तितके रकाने करता येतात आणि त्यांत देवनागरी व्यवस्थित बसते. काही जुन्या कार स्टिरिओंवर तिचे चौकोन दिसतात, म्हणून फाइलीचं नाव रोमन लिपीत आणि आतली माहिती मराठीत ठेवावी. कॅसेटच्या कव्हरचा फोटोही त्याच फोल्डरात.

कायद्याचं थोडक्यात: स्वतःच्या खासगी वापरासाठी रास्त प्रमाणात केलेली प्रत कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ च्या आधाराने करता येते, तीच फाइल सोसायटीच्या ग्रुपवर वाटायला त्याचा आधार नाही.

एक टेराबाइटच्या डिस्कवर फ्लॅकमधलं तीनेक हजार तासांचं संगीत बसतं, म्हणजे जागेची अडचण नाही. अडचण डिस्क बंद पडण्याची आहे. दोन डिस्क आणि तिसरी प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मुलीकडे, एवढं असावं. वर्षातून एकदा तिन्ही जोडून चार-दोन फाइली मधूनच वाजवून पाहाव्यात, आणि डिस्कवर काय आहे हे घरातल्या आणखी एकाला तरी दाखवून ठेवावं. बाकीची रोजची करमणूक, नवी गाणी, कुणीतरी सुचवलेलं कव्वालीचं रेकॉर्डिंग, यासाठी अ‍ॅप खुशाल वापरावं. त्यातलं परत परत ऐकावंसं वाटलं, तर त्याची बिनकुलुपी फाइल किंवा सीडी कुठे विकत मिळते ते पाहावं.