मानेतला पू: दोन वयांच्या दोन वाटा

जिभेखाली सुरू होऊन हनुवटीखाली पसरणारी आणि बघता बघता श्वास कोंडणारी सूज 1836 साली जर्मनीतल्या विल्हेल्म फॉन लुडविग या डॉक्टरांनी नोंदवली. पुढची शंभरेक वर्षे मानेत खोलवर साचणाऱ्या पुवाचा उगम, रोगी लहान असो वा मोठा, बहुतेकदा घशात किंवा टॉन्सिलमध्येच सापडे. मग पेनिसिलिन आले. 1955 पासून ते आपल्या पिंपरीतही बनू लागले. घशाचे दुखणे वेळीच आटोक्यात येऊ लागले आणि मोठ्यांतला हा आजार घशाकडून किडलेल्या दाढेकडे सरकला. मुलांत तो घशापाशीच राहिला. प्रतिजैविकांनी रोग कमी केला हे खरेच, पण दोन वयांतला फरकही त्यांनीच ठळक केला, असे मला वाटते.

या फरकाला शरीररचनेचा आधार आहे. घशाच्या मागच्या भिंतीत लहानपणी लसिकाग्रंथी असतात. नाक, घसा, कान यांतला संसर्ग त्यांत उतरतो आणि तिथे गळू होते. चार-पाच वर्षांनंतर त्या आक्रसू लागतात, म्हणून हा प्रकार मुख्यतः त्याखालच्या वयाचा. मोठ्या माणसाला त्याच जागी पू झाला तर कारण वेगळे शोधावे लागते: रुतलेला माशाचा काटा किंवा मणक्याचा क्षय. एरवी मोठ्यांत खालच्या दाढेच्या मुळातून संसर्ग जबड्याखाली उतरतो, आणि मधुमेह असेल तर तो छातीपर्यंत जायला फार वेळ घेत नाही. जंतूही बरेचसे निराळे. मुलांत स्टॅफिलोकोकस आणि घसा धरणारे स्ट्रेप्टोकोकस, मोठ्यांत तोंडातले मिश्र जंतू, मधुमेह्यांत अनेकदा क्लेबसिएला.

यावर कोणी म्हणेल, शेवटी धोका श्वासाचाच आणि जायचे इस्पितळातच, मग आरोंद्यासारख्या गावाने हा भेद कशाला लक्षात ठेवायचा? तेरेखोलच्या खाडीकाठच्या या गावासाठी मोठा उपचार म्हणजे सावंतवाडी आणि तिथून पुढे बहुधा गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय. सिंधुदुर्गनगरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अगदी अलीकडचे, 2021-22 चे. 2018 च्या सुरुवातीला बांबोळीत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सीमेअलीकडे केवढी खळबळ उडाली ते आठवले की हे अवलंबित्व किती जुने आहे हे कळते. पण गाडी काढायची की नाही, हे ठरते घरातच, आणि तिथे लक्षणे वेगवेगळी बोलतात. लहान मूल दुखते कुठे ते सांगत नाही. ते खायचे सोडते, लाळ गाळते, तापात मान एका बाजूला धरून ठेवते आणि वर बघायला नकार देते. घरचे म्हणतात, मान आखडली, तेल चोळा. मोठा माणूस दाढदुखी म्हणून लवंग धरून बसतो. तोंड उघडेना झाले, जीभ वर उचलली गेली, तरी ते दाढेचेच वाटते.

उपचारांतही हे अंतर दिसते. मुलाचा श्वास मोकळा असेल आणि सीटी स्कॅनमध्ये गळू लहान दिसले, तर शिरेतून प्रतिजैविके देऊन एक-दोन दिवस वाट पाहता येते. अनेकदा चिरा द्यावाच लागत नाही. मधुमेही प्रौढाच्या बाबतीत मात्र तसे थांबणे बहुधा महागात पडते: पू काढावा लागतो, दाढही काढावी लागते, आणि साखर आटोक्यात येईपर्यंत जखम भरत नाही.