वास आला नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं

"डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही," असं आपण सहज म्हणतो. पण डोळे पाहतात तरी किती? वर्गात आम्ही मुलांना टीव्हीचा रिमोट दाखवतो. बटण दाबलं तरी पुढच्या टोकाला काहीच दिसत नाही. तेच बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की जांभळट दिवा लुकलुकतो. हे इन्फ्रारेड किरण. आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो.

कानाचंही तसंच. आपण साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. वटवाघळाची शिकारीची हाक बहुधा त्याहून उंच असते.

नाकाची मर्यादा मात्र जिवावर बेतू शकते. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो; गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला तर ना रंग, ना वास, आणि त्यात कुणी काही मिसळत नाही. बंद खोलीतली कोळशाची शेगडी, बंद बाथरूममधला गॅस गीझर यांतून तो साचतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, चक्कर येते, माणूस बेशुद्ध होतो.

थंडीत फजरच्या वुजूसाठी गीझर लावताना हे लक्षात असू द्या. गीझर बाथरूमबाहेर बसवा, हवा खेळती ठेवा, शेगडी पेटती ठेवून झोपू नका. डोकं जड वाटलं तर आधी मोकळ्या हवेत या, मग लगेच डॉक्टरांकडे जा. घरातल्या मुलांना आणि बुजुर्गांनाही हे समजावून सांगा.