राजमार्गावर सायकलला जागा आहे का?

पहाटे दुधाच्या किटल्या अडकवून निघालेला गवळी, पाळीवर जाणारा कामगार, शाळेत निघालेली मुलगी, या सर्वांचे वाहन एकच, ते म्हणजे सायकल. तिला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, इंधनही लागत नाही. मग मोठ्या रस्त्यावर तिला मज्जाव का असावा?

कायद्याची स्थिती अशी : सायकल हे मोटार वाहन नव्हे आणि सर्वसाधारण महामार्गावर तिला सरसकट बंदी नाही. मात्र ठरावीक मार्गांवर ती निषिद्ध ठरविता येते. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पादचारी, सायकली, दुचाकी व तीनचाकी वाहने यांना प्रवेश नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू व अटल सेतू यांवरही सायकल नेता येत नाही.

या बंदीमागील कारण उपेक्षणीय नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणारी मोटार आणि पंधरा किलोमीटरने चालणारी सायकल एकाच मार्गिकेत आली, तर क्षणाची चूकही प्राणावर बेतते. पुण्याकडे जाणाऱ्या सायकलस्वाराला निदान जुना महामार्ग खुला आहे. तेथे बंदी असली तरी पर्यायही आहे.

कोलकात्यात चित्र निराळे दिसले. तेथील पोलिसांनी २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. हे रस्ते द्रुतगती मार्ग नव्हते, तर नित्याच्या वहिवाटीचे शहरी रस्ते होते. सायकलवरून दूध, वर्तमानपत्रे पोहोचविणाऱ्यांच्या उपजीविकेवरच घाला आला आणि लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले.

या दोन उदाहरणांतून न्यायाची कसोटी सापडते. जीवरक्षणासाठी बंदी अवश्य असावी. परंतु ज्याचा रस्ता काढून घेतला, त्याला दुसरा सुरक्षित रस्ता देणे हेही शासनाचे कर्तव्य होय. २०१९ च्या दुरुस्तीने सायकलस्वार व पादचारी यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला आहे. त्या नियमांत केवळ मनाई नसावी, संरक्षणही असावे.

तोवर प्रत्येक कुटुंबाने एवढे करावे : सायकल घेऊन निघालेल्या मुलाला डावी बाजू धरण्यास शिकवावे, रात्री दिवा व मागे परावर्तक असल्याची खात्री करावी, आणि घरातील मोटार चालविणाऱ्याने सायकलजवळून जाताना वेग कमी करावा. मंद चालणाऱ्याचा जीव वेगवानाच्या संयमावर अवलंबून असतो.