पेशींचे निरोप

एकट्यानें राहणारा जीव समाजांत कां येतो, आणि आल्यावर तेथें टिकतो कसा, हा प्रश्न केवळ मनुष्याविषयींचा नव्हे. तो पेशींविषयींही आहे. मनुष्याच्या देहांत सुमारें ३० लक्ष कोटि पेशी नांदतात. परंतु जीवसृष्टीच्या आरंभीं प्रत्येक पेशी हा एक स्वतंत्र जीव होता. अशा स्वतंत्र जीवांचा एक देह कसा होतो, हें जाणण्याच्या कामीं एका अत्यंत क्षुद्र जीवानें शास्त्रज्ञांना मोठें साहाय्य केलें आहे.

त्याचें नांव डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम. १९३३ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायनाच्या अरण्यांत, कुजलेल्या पानांमध्यें, तो केनेथ रेपर यांना सांपडला. हा अमीबा मातींतील जंतु खाऊन जगतो. भक्ष्य विपुल आहे तोंपर्यंत कोणाचें कोणाशीं देणेंघेणें नसतें. अन्न संपलें म्हणजे मात्र हजारों अमीबा एका केंद्राकडे धांव घेतात, एकमेकांस बिलगतात आणि २ ते ४ मिलिमीटर लांबीचा, सरपटणारा एकच देह बनतो. हा देह उजेडाकडे सरकत जातो. योग्य जागा मिळतांच त्यांतून एक बारीक देंठ उभा राहतो व त्याच्या टोंकाशीं बीजकणांची गुंडी धरते.

हांक मारतो कोण? १९४७ सालीं जॉन बॉनर यांनीं या अमीबांवरून पाण्याचा मंद प्रवाह सोडून पाहिला. प्रवाहाच्या खालच्या बाजूचे अमीबा केंद्राकडे वळले. वरच्या बाजूचे वळले नाहींत. यावरून केंद्रांतून एखादें द्रव्य पाझरत असून पाणी तें वाहून नेत आहे, हें स्पष्ट झालें. १९६७ सालीं त्या द्रव्याची ओळख पटली. तें चक्रीय ए. एम्. पी. होय. उपाशी अमीबा तें कांहीं मिनिटांच्या अंतरानें सोडतो. शेजाऱ्यास तें पोंचतांच तो केंद्राकडे सरकतो आणि स्वतःही तेंच द्रव्य सोडतो. दवंडी ऐकणाऱ्यानें ती पुढच्या गल्लींत पिटावी, तसा हा प्रकार.

हें द्रव्य या अमीबाचेंच नव्हे. मनुष्य भ्यालेला असतां अ‍ॅड्रिनलीन रक्तांत उतरतें. तें यकृताच्या पेशीच्या दाराशींच थांबतें, आणि साखर सोडण्याचा निरोप आंत पोंचवितें तें हेंच द्रव्य. त्याचा शोध लावणाऱ्या अर्ल सदरलंड यांना १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उत्क्रांति प्रत्येक वेळीं नवें साधन घडवीत नाहीं. जुनेंच साधन ती नव्या कामास जुंपते.

परंतु हांक ऐकूं आली एवढ्यानें समाज होत नाहीं. देंठ बनणारे सुमारें एकपंचमांश अमीबा मरतात. त्यांच्या आधारावर उरलेल्यांचे बीजकण तरतात. हा त्याग नैसर्गिक निवडींत टिकला कसा? मरणारा व वांचणारा एकाच कुळांतले असतील, तर मरणाऱ्याचाही वंश पुढें चालतो. परकीं कुळें मिसळलीं, तर मात्र कांहीं ठग देंठांत आपला वांटा न देतां बीजकणांत घुसतात. म्हणून या पेशींच्या पृष्ठभागावर कुळाची खूण सांगणारीं प्रथिनें आहेत. खूण जुळते त्यांच्याशींच त्या अधिक जवळीक करतात.

मनुष्यदेहाच्या पेशी एकाच फलित बीजापासून होतात. त्यामुळें तेथें कुळाचा तंटा उद्भवत नाहीं. तरीही एखादी पेशी बिघडते, शेजारणींचा 'थांब' हा निरोप ऐकेनाशी होते आणि आपलीच संतति वाढवूं लागते. त्यालाच कर्करोग म्हणतात. ज्या संभाषणानें देह घडला, तें तुटलें कीं देह मोडतो.